दोन तबकड्यांचें युद्ध आणि आमचें कपाट

गेल्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या वेळीं आमच्या शाळेंत एक लहानशी, पण मनास चटका लावणारी गोष्ट घडली. शाळेच्या एका दिवंगत मुख्याध्यापकांचें १९९७ सालच्या बक्षीससमारंभांतील भाषण व्हिडिओ कॅसेटवर घेतलेलें होतें. आजच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणींही त्या गृहस्थांस पाहिलेलें नाहीं. म्हणून तें भाषण सर्वांस दाखवावें अशी त्यांच्या कन्येची इच्छा होती, आणि आमचीही होती. कार्यालयांतील लोखंडी कपाट उघडलें, कॅसेट सांपडली. परंतु ती चालविणारें यंत्र शाळेंत नव्हतें, शेंद्र्यांत कोणाच्या घरीं नव्हतें, आणि शहरांत ज्या एका दुकानांत तें मिळालें तेथील दुकानदारानें फीत पाहतांच मान हालविली. फितीवर बुरशी चढली होती. पुष्कळ खटपटीनंतर चार मिनिटांचा आवाज तेवढा हातीं आला. चेहरा आला नाहीं. त्याच कपाटांत पुढील वर्षांच्या सीडी होत्या, डीव्हीडी होत्या. त्यांपैकीं कांहीं चालल्या, कांहींचा मुलामाच सुटून आला होता.

हें सर्व पाहत उभा असलेला नववीचा एक विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "सर, हीं यंत्रें सारखीं बदलतात तरी कां? सगळ्यांनीं मिळून एकच कां नाहीं ठेवीत?"

प्रश्न बाळबोध होता, पण आम्हांस त्याचें उत्तर चटकन देतां आलें नाहीं. त्या प्रश्नाचा विचार करतां करतां आम्ही ज्या निष्कर्षावर आलों, तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. आणि त्यासाठीं आम्ही एक जुनें, परंतु फार उद्बोधक भांडण उदाहरणादाखल घेणार आहों. तें म्हणजे २००२ पासून २००८ पर्यंत 'ब्लू-रे' व 'एचडी डीव्हीडी' या दोन तबकड्यांमध्यें झालेलें युद्ध.

प्रथम या तबकड्या म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. सीडी, डीव्हीडी वगैरे सर्व तबकड्या एकाच तत्त्वावर चालतात. तबकडीच्या आंत अत्यंत सूक्ष्म खळगे एका चक्राकार रेषेंत कोरलेले असतात, आणि लेझरचा किरण त्यांवरून फिरत जाऊन त्यांचें वाचन करतो. किरण जितका बारीक, तितके खळगे बारीक करतां येतात. आणि खळगे जितके बारीक, तितका तेवढ्याच जागेंत अधिक मजकूर मावतो. १९८२ साली बाजारांत आलेल्या सीडीचा किरण ७८० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा होता. डीव्हीडीचा किरण तांबडा, ६५० नॅनोमीटरचा. त्यापुढची पायरी निळ्या-जांभळ्या किरणाची, ४०५ नॅनोमीटरची. निळा प्रकाश देणारे अर्धवाहक तयार करणें हें फार कठीण काम होतें. जपानांतील शास्त्रज्ञांनीं तें १९९० च्या दशकांत साध्य केलें, आणि निळ्या दिव्याच्या त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां गंमत अशी कीं, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्हीं तबकड्या त्याच निळ्या-जांभळ्या किरणानें वाचल्या जात. दोहोंचा व्यास सीडीइतकाच, म्हणजे १२ सेंटिमीटर. दोहोंवरील चित्र पडद्यावर उमटतांना तितकेंच रेखीव, आडवे १९२० व उभे १०८० बिंदूंचें. शेजारीं शेजारीं दोन टीव्ही ठेवून एकावर ही व दुसऱ्यावर ती तबकडी लावली असती, तर घरांतील माणसांस कोणती कोणती हें बहुधा ओळखतां आलें नसतें. मग भेद कशाचा? भेद मुख्यतः आवरणाच्या जाडीचा. ज्या थरावर खळगे असत, त्यावरील पारदर्शक आवरण एचडी डीव्हीडींत ०.६ मिलिमीटर जाडीचें, जुन्या डीव्हीडीसारखेंच होतें. ब्लू-रेमध्यें तें केवळ ०.१ मिलिमीटर होतें. त्यामुळें एचडी डीव्हीडी जुन्याच कारखान्यांत थोड्या फेरफारानें काढतां येई, व ती स्वस्त पडे. उलट ब्लू-रेसाठीं नवीन यंत्रसामग्री लागे, तबकडीस ओरखडे पडूं नयेत म्हणून वर कठीण लेप द्यावा लागे. पण तिच्या एका थरांत २५ गिगाबाइट मजकूर मावे, तर एचडी डीव्हीडींत १५. एकीजवळ काटकसर, दुसरीजवळ ऐसपैस जागा; दोहोंच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहीं होतें हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

परंतु एकीचें यंत्र दुसरीची तबकडी वाचूं शकत नव्हतें. सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे.

१९ फेब्रुवारी २००२ रोजीं सोनी, फिलिप्स, मात्सुशिता, सॅमसंग वगैरे नऊ कंपन्यांनीं ब्लू-रेची घोषणा केली. त्याच वर्षीं तोशिबा व एनईसी यांनीं आपली निराळी पद्धति पुढें मांडली. तीच पुढें एचडी डीव्हीडी या नांवानें प्रसिद्ध झाली. २००५ साली दोन्हीं पक्ष एका मेजाभोंवतीं बसले. एकच तबकडी काढावी अशी बोलणीं झालीं, परंतु तीं फिसकटलीं. २००६ च्या वसंत ऋतूंत तोशिबाचें यंत्र अमेरिकेंत सुमारें ५०० डॉलरांस विकूं लागलें. जून महिन्यांत सॅमसंगचें ब्लू-रे यंत्र सुमारें १,००० डॉलरांस आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सोनीनें आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळण्याच्या यंत्रांत ब्लू-रे वाचण्याची सोय घालून तें घरोघर पोंचविलें.

इकडे चित्रपटकंपन्याही दोन छावण्यांत वाटल्या गेल्या. सोनी, डिस्ने व फॉक्स यांचे चित्रपट ब्लू-रेवर, युनिव्हर्सलचे एचडी डीव्हीडीवर, वॉर्नरचे दोहोंवर. पॅरामाउंट आधीं दोहोंवर देत असे, ती ऑगस्ट २००७ मध्यें एकट्या एचडी डीव्हीडीकडे गेली. म्हणजे ज्या गृहस्थानें एक यंत्र विकत घेतलें, त्याला अर्ध्या चित्रपटांचें दार बंद! शेवटीं ४ जानेवारी २००८ रोजीं वॉर्नरनें 'यापुढें केवळ ब्लू-रे' असें जाहीर केलें. मग फेब्रुवारींत वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानदारांनीं तोच मार्ग धरला, आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजीं, म्हणजे ब्लू-रेच्या घोषणेस बरोबर सहा वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, तोशिबानें हार मानून एचडी डीव्हीडी बंद केली.

आमच्या वाचकांस असें वाटेल कीं, हें जपानी व अमेरिकन कंपन्यांचें भांडण. त्याचें शेंद्र्यास काय? पण संबंध वाटतो तितका दूरचा नाहीं. पैठण रस्त्यावरील चितेगांव येथें ज्या व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, व जिचे रंगीत टीव्ही १९८० च्या दशकापासून आमच्या घराघरांत आले, त्या कंपनीनें आरंभीं तांत्रिक साह्य घेतलें तें याच तोशिबाचें. आमच्या गांवांतील कित्येक वडीलमंडळींनीं त्या कारखान्यांत वा त्याच्या आधारानें चाललेल्या लहान कारखान्यांत चरितार्थ चालविला. तेव्हां बाजारांतील हारजीत ही वर्तमानपत्रांतील बातमी नसून चुलीपर्यंत पोंचणारी वस्तु आहे, हें आम्हांस निराळें सांगावयास नको. पुढें व्हिडिओकॉनही २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेंत गेली. तिचीं कारणें अगदीं निराळीं, परंतु धडा तोच कीं, मोठीं नांवेंही चिरंजीव नसतात.

असो. या युद्धांत कोण हरलें? तोशिबा हरली असें सर्वजण म्हणतात. आमच्या मतें तोशिबा ही हरणाऱ्यांच्या रांगेंत पहिली नव्हे. जगभर ज्या हजारों-लाखों कुटुंबांनीं एचडी डीव्हीडीचें यंत्र घेतलें व एकेक करून तबकड्या जमविल्या, तीं कुटुंबें आधीं हरलीं. तोशिबानें तर पुढल्याच वर्षीं, २००९ मध्यें, स्वतः ब्लू-रेचीं यंत्रें काढण्यास आरंभ केला! सेनापति शत्रूच्या छावणींत जाऊन बसला, आणि शिपाई मात्र रणांगणावर राहिले, असेंच हें झालें.

आणि जिंकलें कोण? ब्लू-रे जिंकली खरी. पण तिला राज्य भोगण्यास मिळालें तें किती? ज्या २००७ साली या दोन छावण्या परस्परांवर तुटून पडल्या होत्या, त्याच वर्षीं तबकड्या टपालानें भाड्यानें देणाऱ्या नेटफ्लिक्स या कंपनीनें इंटरनेटच्या तारेवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. कोण जिंकतो तें पाहूं, असें म्हणून पुष्कळ गिऱ्हाइकें थांबून राहिलीं होतीं, आणि थांबतां थांबतां त्यांस तबकडीची गरजच उरली नाहीं. त्याच नेटफ्लिक्सनें सप्टेंबर २०२३ मध्यें आपली टपालाची तबकडी-सेवा कायमची बंद केली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें खुद्द सोनीनें, ज्यांवर आपण स्वतः चित्रण उतरवून ठेवूं शकतों अशा कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन थांबविलें.

आमच्या देशांत तर हें युद्ध बहुतेकांच्या डोक्यावरून निघून गेलें. ज्या वेळीं अमेरिकेंत ब्लू-रे व एचडी डीव्हीडी झुंजत होत्या, त्या वेळीं आमच्या आठवडे बाजारांत व्हीसीडीचें राज्य होतें. ग्रेटर नोएडा येथें कारखाना असलेल्या मोझर बेअर या भारतीय कंपनीनें तर व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस देऊन मोठी खळबळ उडवून दिली. मराठी नाटकें, तमाशाप्रधान जुने चित्रपट, कीर्तनें व भक्तिगीतें त्या तबकड्यांवरून गांवोगांव गेलीं. पण तीही लाट ओसरली, आणि २०१८ साली मोझर बेअरच्या मालमत्तेची विक्री करून तिचा कारभार गुंडाळण्याचा हुकूम झाला.

आज चित्र येतें तें कांचेच्या तंतूंतून. प्रकाश तोच, लेझर तोच; पण आतां तो तबकडीच्या खळग्यांवर फिरत नाहीं, तर केंसाइतक्या बारीक कांचेंतून कोसच्या कोस धांवतो. आणि त्या तंतूंसाठीं लागणारी कांच आमच्या याच शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत बनते, हें किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? ज्या वस्तूनें दोन्हीं तबकड्यांस घरीं बसविलें, ती वस्तु आमच्या शाळेच्या पटांगणापासून फार दूर तयार होत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कोणी म्हणेल, "स्पर्धा ही तर चांगली गोष्ट आहे. स्पर्धेनें किंमती उतरतात, माल सुधारतो. तुम्ही शाळेंत स्वतः बक्षिसें लावून मुलांत चुरस उत्पन्न करतां, आणि बाजारांतील चुरशीस मात्र नांवें ठेवतां, हें कसें?" आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. आमचा विरोध स्पर्धेस नाहीं. आमच्या खेळाच्या मैदानावर दोन संघ कबड्डी खेळतात, तेव्हां चुरस असते. परंतु मधली रेघ दोघांसही एकच असते. एका संघानें एका मैदानावर व दुसऱ्यानें दुसऱ्या मैदानावर खेळावयाचें ठरविलें, तर त्याला सामना म्हणतां येणार नाहीं. आणि प्रेक्षकांनीं दोन्हींकडचीं तिकिटें काढावयाचीं, ही तर निव्वळ लूट. वस्तूच्या गुणांत स्पर्धा असावी, तिच्या किंमतींत असावी, कारागिरींत असावी. पण मापांत ती असूं नये. मापें दोन झालीं कीं भांडणाचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथीं बसतो.

हें केवळ आमचें पंतोजीपण नव्हे. याच कंपन्यांचें आधींचें चरित्र आमच्या बाजूनें साक्ष देतें. १९९५ साली डीव्हीडीचा जन्म होण्यापूर्वींही असेच दोन तट पडले होते: एकीकडे सोनी व फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा व तिच्या सोबती. त्या वेळीं संगणक बनविणाऱ्या आयबीएमसारख्या कंपन्यांनीं 'आधीं एक व्हा' असा आग्रह धरला. दोघांनीं थोडें थोडें सोडलें, आणि एकच डीव्हीडी निघाली. पुढें तिनें घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटची जागा घेतली, आणि एकाच मापाच्या तबकड्या व यंत्रें शेंकडों कारखानदारांनीं चढाओढीनें काढून विकलीं. तीच माणसें, तोच धंदा. १९९५ साली समेट झाला तर सर्वांस लाभ झाला, २००५ साली समेट मोडला तर कांहीं वर्षें व अपार पैसा फुकट गेला. एकाच घरांतील या दोन उदाहरणांहून स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा?

आमच्या मराठवाड्यास तर या गोष्टीचा अनुभव फार जुना आहे. मुंबईहून मनमाडपर्यंतची रेल्वे रुंद मापाची, रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. आणि मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणीकडे जाणारी, १९०० च्या सुमारास झालेली निजामाच्या राज्यांतील गोदावरी खोऱ्याची रेल्वे मात्र १००० मिलिमीटरची, म्हणजे मीटर मापाची. मीटर माप निवडण्यास काटकसरीचें कारण होतें, व तें त्या काळीं अगदींच चुकीचें म्हणतां येणार नाहीं. पण परिणाम काय झाला? मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशास मनमाडास उतरून गाडी बदलावी लागे. मालाचें प्रत्येक पोतें हमालांनीं एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावें लागे. आमचे वडील मनमाडच्या फलाटावर रात्र काढल्याच्या गोष्टी सांगत. १९९० च्या दशकांत हा मार्ग रुंद मापाचा झाला, तेव्हां कोठें करमाडच्या स्टेशनावरून जाणारी गाडी सरळ मुंबईस पोंचूं लागली. दोन मापांचा भुर्दंड आमच्या भागानें सुमारें नव्वद वर्षें भरला!

आणि एक माप ठेवल्यानें स्पर्धा मरते, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं शेंद्र्याच्या चौकांतील कोणत्याही चहाच्या टपरीवर जाऊन पाहावें. तेथें काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा एक कागद चिकटविलेला असतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर कोणत्याही कंपनीचें ॲप असो, चहावाल्याचें खातें कोणत्याही बँकेचें असो, पैसे पोंचतात. कारण २०१६ पासून सुरू झालेली यूपीआय ही पद्धति सर्वांस समान आहे. त्या एका मापाच्या आंत फोनपे, गूगल पे व इतर पुष्कळ जण परस्परांशीं कसून झगडत आहेत. चहावाल्यास त्यांचे झगडे ठाऊकही नाहींत, आणि तसेंच असावयास पाहिजे.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर असें: सर्वांनीं मिळून एकच ठेवणें शक्य असतें, पण त्यासाठीं विकण्यापूर्वीं एकत्र बसावें लागतें व थोडें थोडें सोडावें लागतें, आणि तें धनिकांस नेहमींच जड जातें. तुमच्यापैकीं कित्येकजण उद्यां याच औद्योगिक वसाहतींत अभियंते, तंत्रज्ञ, व्यवस्थापक व्हाल. एखाद्या यंत्राचा आंटा, एखादी जोडणी, एखादी पद्धति आपली एकट्याचीच असावी असा मोह तुम्हांसही पडेल. त्या वेळीं २००५ सालचें मेज आठवा.

परंतु हें उत्तर पुरेसें नाहीं. कारण कंपन्या शहाण्या होतील तोंवर आमचें कपाट वाट पाहणार नाहीं. म्हणून दुसरें उत्तर पालकांसाठीं आहे.

मजकूर आणि त्याचें पात्र या दोन वस्तु भिन्न आहेत, हें आम्ही विसरतों. लग्नाचें चित्रण, आजीच्या जात्यावरच्या ओंव्या, बाळाचें पहिलें बोलणें, चर्चमधील नाताळचीं गीतें हीं आमचीं; तबकडी मात्र बाजाराची. बाजार आपलें पात्र केव्हांही मोडील. आपण आपला ठेवा दुसऱ्या पात्रांत वेळींच ओतला नाहीं, तर दोष बाजाराचा जितका, तितकाच आपला. डोंगरावरील प्रवचनांत कसर व जंग यांविषयीं जो इशारा आहे, तो धनासंबंधीं आहे खरा. पण आमच्या कपाटांतील बुरशी पाहून आम्हांस त्याचीच आठवण झाली.

मराठी भाषेच्या इतिहासांत याचें एक विलक्षण उदाहरण आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें गोव्यांत रचलेलें 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपींत छापलें गेलें; पुढें १६४९ व १६५४ साली पुन्हां छापलें गेलें. त्या काळीं छापखाना म्हणजे नवें, प्रबळ यंत्र. परंतु त्या तिन्हीं आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या भाविक कुटुंबांनीं त्याच्या हातानें नकला केल्या, कांहीं रोमन लिपींत. देवनागरींतलीही एक पोथी लंडनच्या संग्रहांत आहे. त्या नकलांवरून १९०७ साली मंगळुरास तो पुन्हां छापला गेला. मुद्रणयंत्रास जें राखतां आलें नाहीं, तें नकला करणाऱ्या सामान्य हातांनीं राखलें. उलट बाजूचें उदाहरण मोडी लिपीचें. मोडी कागद आमच्या दप्तरखान्यांत ढिगांनीं शाबूत आहेत. पण शाळांतून मोडीचें शिक्षण गेलें, आणि आतां ते वाचणारा मनुष्य शोधावा लागतो. तबकडी आहे, पण यंत्र नाहीं, अशीच ही अवस्था.

कोणी म्हणेल कीं, आतां सर्व कांहीं इंटरनेटवर आहे, मग चिंता कशाची? पण तेथेंही दार दुसऱ्याच्या हातीं आहे. आज एका ॲपवर असलेला चित्रपट करार संपतांच उद्यां दिसेनासा होतो. वर्गणी भरली तरी मालकी आपली होत नाहीं. परक्याच्या घरीं ठेवलेली पेटी ही सोय आहे. ती एकुलती एक पेटी असूं नये.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी. ज्यांच्या घरीं जुन्या कॅसेटी, सीडी, डीव्हीडी आहेत, त्यांनीं यंत्रें व दुरुस्त करणारे मिळत आहेत तोंवर त्यांतील मजकूर नव्या साधनांत उतरवून घ्यावा. तो एखाद्याच कंपनीच्या यंत्रावर उघडेल अशा रूपांत न ठेवतां, ज्या रूपांतील मजकूर बहुतेक सर्व फोन व संगणक वाचतात, अशाच रूपांत ठेवावा. दोन प्रती कराव्या, व त्या दोन निराळ्या घरांत असाव्या. प्रत्येकीवर साल, स्थळ व माणसांचीं नांवें लिहावीं. कारण नांव नसलेला चेहरा दुसऱ्या पिढींत परका होतो. आणि वर्षांतून एकदां, नाताळच्या वा दिवाळीच्या सुटींत म्हणा, मुलांस जवळ बसवून त्या उघडून पाहाव्या. जी वस्तु कोणी पाहत नाहीं, ती कधीं नाश पावली हेंही कोणास कळत नाहीं.

आमच्या शाळेनेंही आपलें कपाट या वर्षीं हातीं घेतलें आहे. नववीच्या आठ विद्यार्थ्यांनीं सर्व कॅसेटींची व तबकड्यांची यादी केली असून, चालतात त्या उतरवून घेण्याचें काम दर शनिवारीं चालू आहे. त्या यादीचें काम चाललें असतांना एका मुलीस खालच्या खणांत आमच्या याच वार्षिकाचा १९९७ चा अंक मिळाला, आणि त्यांत मुख्याध्यापकांचें तें भाषण अथपासून इतिपर्यंत छापलेलें होतें! कागद पिवळा पडला होता. पण तो वाचण्यास कोणतेंही यंत्र लागलें नाहीं. संमेलनाच्या दिवशीं आधीं त्यांचा चार मिनिटांचा आवाज ऐकविला, आणि जेथें तो तुटला तेथून पुढें त्याच मुलीनें अंकांतून वाचलें. त्यांच्या कन्या पहिल्या रांगेंत बसल्या होत्या. समारंभ संपल्यावर त्यांनीं त्या मुलीकडून तो अंक मागून घेतला, एकदां उघडून पाहिला, आणि "हा येथेंच राहूं द्या, मला याची नक्कल द्या," असें म्हणून परत दिला.

आम्हीं त्याच सायंकाळीं दोन नकला केल्या. ज्या पालकांच्या घरीं शाळेच्या जुन्या समारंभांचें कांहीं चित्रण वा अंक असतील, त्यांनीं ते कार्यालयांत आणून द्यावे. उतरवून झाल्यावर मूळ वस्तु नकलेसह परत करण्यांत येईल.